तक्त्यात सगळं दिसतं म्हणणाऱ्यांना

"मग तो चॅम्पियन का नाही झाला?"

2012 साल संपताना ‘ऑटोस्पोर्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाने फॉर्म्युला वनच्या संघप्रमुखांचं गुप्त मतदान घेतलं आणि त्यांनी वर्षातला सर्वोत्तम ड्रायव्हर म्हणून फर्नांडो अलोन्सोची निवड केली. तेव्हापासून हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो, आणि तो विचारताना चेहऱ्यावरचं समाधानही तेच असतं. जणू हा प्रश्न त्या संघप्रमुखांच्या ध्यानातच आला नव्हता. सेबास्टियन व्हेटेलचे 281 गुण, अलोन्सोचे 278. हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तीन गुणांनी कोण जिंकलं हे माहीत असूनही त्यांनी दुसऱ्याचं नाव वर लिहिलं, म्हणजे काही विचार करून लिहिलं असणार, एवढं तरी मान्य करावं.

माझी तक्रार मतभेदाबद्दल नाही. व्हेटेलला तो मान मिळायला हवा होता असं कुणी मांडलं, तर मी संध्याकाळभर बसून ऐकेन. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मला त्रास होतो तो वाद ज्या पद्धतीने केला जातो, त्याचा. गुणतक्ता पुढे सरकवायचा, बोट ठेवायचं आणि विषय संपला म्हणायचं. तक्ताच सगळं सांगत असेल, तर विजेतेपदाचा करंडक पुरेसा आहे. त्याच माणसाला त्याच कारणासाठी दुसरा करंडक कशाला द्यायचा? वर्षाचा ड्रायव्हर ठरवायला कुणी बसतं, ते तक्त्यात न मावणारं काहीतरी मोजायचं असतं म्हणूनच.

हे आपल्याला समजत नाही असंही नाही. 2003च्या विश्वचषकात सचिनने 673 धावा केल्या. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात तो चार धावांवर बाद झाला, भारत 125 धावांनी हरला, आणि तरीही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. "मग विश्वचषक का नाही जिंकला?" असं त्या दिवशी महाराष्ट्रात कुणी विचारलेलं मला आठवत नाही. 1999 साली लान्स क्लूसनरला तो मान मिळाला. त्याचा संघ तर अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नव्हता. क्रिकेटमध्ये जी गोष्ट आपण न सांगता समजून घेतो, ती मोटार शर्यतीत आली की ‘हरलेल्याचं सांत्वन’ कशी होते, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता 2012 बद्दल. त्या हंगामात वीस शर्यती झाल्या, आणि पहिल्या सात शर्यतींत सात वेगवेगळे विजेते होते: बटन, अलोन्सो, रॉसबर्ग, व्हेटेल, माल्दोनादो, वेबर, हॅमिल्टन. कुणाची गाडी कुठे चालेल हे संघांनाच सांगता येत नव्हतं. अलोन्सोच्या फेरारीची गाडी मात्र चालणार नाही हे पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, दिसलं. पात्रता फेरीत अलोन्सो घसरून खडीत अडकला आणि बारावा राहिला. त्याचा संघातला जोडीदार फेलिपे मासा सोळावा. पहिल्या दहांत एकही फेरारी नाही. शर्यतीत अलोन्सो पाचवा आला. पुढच्या आठवड्यात सेपांगला तो आठव्या जागेवरून निघाला. धो धो पाऊस, शर्यत मध्येच थांबवावी लागली, पुन्हा सुरू झाली, आणि ओल्या-सुक्या ट्रॅकवर टायर नेमके केव्हा बदलायचे हे ज्यांनी अचूक ओळखलं त्यांच्यात तो सर्वात पुढे होता. शेवटच्या टप्प्यात सॉबरचा सर्जिओ पेरेझ त्याच्यापेक्षा वेगवान होता, अगदी मागे येऊन चिकटला होता, पण दबावात चुकून बाहेर गेला. अलोन्सो चुकला नाही. ती शर्यत त्या गाडीची नव्हतीच.

मग व्हॅलेन्सिया, 24 जून. रस्त्यांवर आखलेला ट्रॅक, ओव्हरटेक करायला जागा जवळजवळ नाहीच, आणि अलोन्सो ग्रिडवर अकरावा. ती शर्यत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पहिल्याच फेरीत त्याने तीन-चार जागा वर काढल्या. नंतर एकेका गाडीमागे तो फार काळ अडकून राहत नाही, हे बघण्यासारखं आहे. पुढच्याला कुठे गाठायचं हे आधीच ठरवून तो कोपऱ्यात शिरतो. सेफ्टी कार आत गेल्यावर त्याने रोमां ग्रोझाँला बाहेरच्या बाजूने मागे टाकलं. त्यानंतर लगेच आघाडीवरच्या व्हेटेलची गाडी अल्टरनेटर बिघडून बंद पडली आणि अलोन्सो पुढे आला. "नशिबाने जिंकला" हे वाक्य इथे येतं. व्हेटेल थांबला हे नशीबच, मी ते नाकारत नाही. पण तो थांबला तेव्हा त्याच्या मागे दुसरा कोण होता? अकराव्या जागेवरून निघालेला माणूस. त्याला तिथे नशिबाने आणून ठेवलं नव्हतं.

सिल्व्हरस्टोन आणि हॉकेनहाइम, दोन्ही ठिकाणी पात्रता फेरी पावसात झाली आणि दोन्हीकडे पोल, म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, अलोन्सोने घेतली. त्या वर्षातल्या फेरारीच्या या दोनच पोल. पावसात गाडीचा कमीपणा काहीसा झाकला जातो आणि हातांचं कसब उघडं पडतं, हे या खेळातलं जुनं सत्य आहे. सिल्व्हरस्टोनला शेवटच्या काही फेऱ्यांत वेबरने त्याला गाठलं. हॉकेनहाइमला त्याने बटन आणि व्हेटेल या दोघांना मागे रोखून शर्यत जिंकली. मॉन्झाला पात्रता फेरीच्या ऐन शेवटच्या भागात गाडी बिघडली, तो दहावा राहिला आणि शर्यतीत तिसरा आला. त्या दिवशी त्याचे 179 गुण होते. हॅमिल्टनचे 142, रायकोनेनचे 141, व्हेटेलचे 140. वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या दहांत येऊ न शकलेल्या गाडीत बसून हा माणूस सप्टेंबरात सर्वांच्या 37 गुण पुढे होता.

"पण गाडी काही इतकी वाईट नव्हती" असं यावर ऐकायला मिळतं. ठीक. तीच गाडी मासाकडेही होती. वर्षाअखेर मासाचे गुण 122. तिकडे रेड बुलमध्ये व्हेटेलचे 281 आणि वेबरचे 179. एकाच संघातल्या दोघांची तुलना हे या खेळातलं सर्वात कमी फसवं माप आहे, कारण तिथे गाडी, इंजिन, टायर सगळं जवळपास सारखं असतं. हे माप लावलं की अलोन्सोचं वर्ष कसं होतं ते दिसतं. वीसपैकी तेरा शर्यतींत तो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. ज्या अठरा शर्यती त्याने पूर्ण केल्या, त्या प्रत्येकीत त्याने गुण मिळवले.

गाडीचा मुद्दा वापरण्यातली बेपर्वाई मला विशेष खुपते. व्हेटेल जिंकला की श्रेय रेड बुलच्या एड्रियन न्यूईच्या डिझाइनला. अलोन्सो हरला की दोष फेरारीच्या डिझाइनला. म्हणजे एक माणूस कधीच जिंकत नाही आणि दुसरा कधीच हरत नाही. असं बोलणारे बहुतेक माझ्याच बाजूचे असतात आणि त्यांच्यामुळे आमची बाजू लंगडी पडते. रेड बुल त्या वर्षी सुरुवातीपासून अजिंक्य नव्हती. आधीच्या वर्षी एक्झॉस्टच्या झोताचा फायदा घेऊन तिने जी पकड मिळवली होती, ती नियम बदलून काढून घेतली होती, आणि पहिल्या तेरा शर्यतींत व्हेटेलचा विजय एकच होता, बहरीनचा. सिंगापूरपासून गाडी सुधारली आणि त्याने सलग चार शर्यती जिंकल्या: सिंगापूर, सुझुका, कोरिया, भारत. सुधारलेली गाडी हाती आल्यावर एकही संधी वाया न घालवणं हेही ड्रायव्हरचंच काम आहे. अबू धाबीला पात्रता फेरीनंतर टाकीत पुरेसं इंधन भरलं नाही म्हणून त्याला सर्वांत मागे पाठवलं. तो पिट लेनमधून निघाला आणि तिसरा आला. हे ज्याला दिसत नाही, त्याने अलोन्सोचं कौतुक करू नये.

आता जर-तर.

अलोन्सोच्या बाजूचे स्पाची शर्यत सांगतात. पहिल्याच कोपऱ्यावर ग्रोझाँची गाडी उडून अलोन्सोच्या डोक्याजवळून गेली. अलोन्सोची काहीच चूक नव्हती, आणि ग्रोझाँवर एका शर्यतीची बंदी आली. मग सुझुका सांगतात: पहिल्याच कोपऱ्यापाशी रायकोनेनच्या पुढच्या पंखाला टायर लागला, गाडी गिरकी घेऊन थांबली. दोन शर्यती, शून्य गुण, आणि विजेतेपद हुकलं तीन गुणांनी. हिशोब इथे थांबवला की अलोन्सो चॅम्पियन. पण थांबवायचा का? व्हेटेलच्या गाडीचा अल्टरनेटर दोनदा गेला, एकदा व्हॅलेन्सियाला आघाडीवर असताना आणि एकदा मॉन्झाला. त्या वजाबाक्या का करायच्या नाहीत? सुझुकात तर रायकोनेनला किती जागा सोडायची हा निर्णय अलोन्सोचाही होता. एकाच्या खात्यातलं दुर्दैव काढून टाकायचं आणि दुसऱ्याचं ठेवायचं, ही बेईमानी आहे. दोघांचं काढायचं किंवा दोघांचं ठेवायचं. मी दोघांचं ठेवतो, कारण दुर्दैव काढल्यावर शर्यत कशी झाली असती हे कुणालाच सांगता येत नाही.

याच जर-तरमध्ये एक भारतीय नाव येतं आणि त्या नावाची जी गत केली जाते ती मला सहन होत नाही. सेपांगला व्हेटेल चौथा चालला होता. नारायण कार्तिकेयनची हिस्पानिया गाडी तो एका फेरीने मागे टाकत होता, दोघांच्या गाड्या लागल्या, व्हेटेलचा टायर फाटला आणि तो अकरावा आला. चौथ्या जागेचे बारा गुण गेले. व्हेटेलने गाडीतून बोट दाखवलं, नंतर टीव्हीसमोर हिणकस शब्द वापरले, आणि पंचांनी कार्तिकेयनला वीस सेकंदांची शिक्षा दिली. आपल्याकडे याचं काय झालं? कार्तिकेयन हा विनोदाचा विषय झाला. पुढे जाण्याची घाई व्हेटेललाही होती, पुढच्याला पूर्ण ओलांडण्याआधीच तो आपल्या रेषेवर परत येत होता, असं मांडणारे फार थोडे. कोइंबतूरचा हा माणूस 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. ग्रिडवरच्या सर्वात हळू गाड्यांपैकी एक गाडी तो चालवत होता, ओल्या-सुक्या ट्रॅकवर. त्याच्याकडे बघताना आपणही युरोपीय समालोचकांचाच चष्मा लावावा, याचं मला वाईट वाटतं.

अलोन्सोविरुद्ध जो खरा मुद्दा आहे तो मात्र कुणी मांडतच नाही. ऑस्टिनला मासाने पात्रता फेरीत अलोन्सोला मागे टाकलं होतं. ग्रिडवर अलोन्सोची जागा ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला येत होती. फेरारीने मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं. नियमाप्रमाणे मासाला पाच जागांची शिक्षा झाली, अलोन्सो आठव्यावरून सातव्या जागी, स्वच्छ बाजूला सरकला आणि तिसरा आला. अकराव्यावरून निघालेला मासा चौथा आला. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत, इंटरलागोसलाही, पात्रता फेरीत मासाच पुढे होता, आणि शर्यतीत त्याने अलोन्सोला दुसरी जागा सोडून दिली. म्हणजे वर्षाच्या शेवटी, दडपण सर्वात जास्त असताना, त्याच गाडीत मासा त्याच्याइतकाच वेगवान होता. व्हेटेलसाठी भांडणाऱ्याने हे सांगायला हवं. आजवर माझ्यासमोर कुणी हे काढलेलं नाही. मला स्वतःहून सांगावं लागतं आणि मग त्याला उत्तरही मलाच द्यावं लागतं: 122 गुणांतले बरेचसे मासाने वर्षाच्या उत्तरार्धात कमावले, पूर्वार्धात तो कुठेच नव्हता, आणि वर्षाचा ड्रायव्हर म्हणजे नोव्हेंबरचा ड्रायव्हर नव्हे. तरीही गिअरबॉक्सच्या सीलचा डाग राहतोच. तो संघाचा निर्णय होता, कायदेशीर होता, फेरारीने तो लपवलाही नाही. मला तो आवडला नाही.

इंटरलागोसबद्दल थोडक्यात. 25 नोव्हेंबर, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. पहिल्याच फेरीत ब्रुनो सेनाशी धडक होऊन व्हेटेलची गाडी उलट दिशेला तोंड करून उभी राहिली आणि अख्खा ताफा तिच्या बाजूने गेला. डावी बाजू चेपलेली, पुढे रेडिओही नीट चालेना, पाऊस येतोय जातोय. त्यातून तो सहावा आला. अलोन्सो दुसरा. शर्यतीनंतर आठवडाभर पिवळ्या झेंड्याचं प्रकरण रंगलं: व्हेटेलने पिवळा झेंडा असताना टोरो रोसोच्या गाडीला ओलांडलं असं दाखवणारी चित्रफीत फिरली, फेरारीने खुलासा मागवला, आणि हिरवा झेंडा दाखवला गेला होता असं उत्तर मिळालं. तिथे ते संपलं. ज्यांना अजून ते संपलेलं वाटत नाही त्यांच्याशी मी बोलत नाही.

ही शेवटची शर्यत व्हेटेलची वर्षातली सर्वात धीराची ड्राइव्ह होती, आणि मतं त्यानंतर अवघ्या काही दिवसांत दिली गेली. ताज्या आठवणीचा कल त्याच्याकडे असणार. तरीही मतं अलोन्सोकडे गेली, म्हणून त्या निकालाला मी जास्त मान देतो. मतदानाच्या पद्धतीबद्दल मात्र माझं भांडण आहे. प्रत्येक प्रमुख दहा नावं क्रमाने लिहून देतो, शर्यतीसारखे गुण लावले जातात, बेरीज होते. कुणी कुणाला कितवं ठेवलं हे बाहेर येत नाही. स्वतःच्या ड्रायव्हरला वर चढवलं का, प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम खाली ढकललं का, काहीच कळत नाही. सर्वात खुपतं ते हे, की कारण लिहावं लागत नाही. ज्या माणसांनी वर्षभर हे ड्रायव्हर सर्वात जवळून पाहिले, ज्यांच्याकडे प्रत्येक कोपऱ्यातल्या वेगाचे आकडे आहेत, त्यांनी दोन ओळींचं कारण दिलं असतं, तर आम्ही चाहते इतकी वर्षं अंदाज बांधत बसलो नसतो. गुप्तता हवी तर नाव झाका, कारण छापा.

चॅम्पियन नसलेल्याला मान देणं हे काही 2012 चं खूळ नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडापटूचा पुरस्कार जनता ठरवते. 1986 साली तो नायजेल मॅन्सेलला मिळाला. त्याच वर्षी अ‍ॅडलेडला टायर फुटून त्याचं विजेतेपद गेलं होतं. 1994 साली डेमन हिलला. त्याचं विजेतेपद एका गुणाने हुकलं होतं. 1961 साली स्टर्लिंग मॉसला, आणि मॉस तर आयुष्यात एकदाही चॅम्पियन झाला नाही. 1958 साली त्याने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक, आणि विजेतेपद हॉथॉर्नला मिळालं, 42 विरुद्ध 41 गुणांनी. पोर्तुगालच्या शर्यतीनंतर हॉथॉर्नला बाद करण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला मॉसच गेला होता, आणि हॉथॉर्नची दुसरी जागा राहिली. तक्त्यात यातलं काय दिसतं? 42 आणि 41.

तक्ता काय दाखवत नाही याचं उदाहरण आपल्या जवळही घडलेलं आहे. 28 ऑक्टोबर 2012, ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट. व्हेटेल पोलवरून निघाला, साठच्या साठ फेऱ्या आघाडीवर राहिला आणि जिंकला. निर्दोष शर्यत. अलोन्सो पाचव्या जागेवरून निघाला, हॅमिल्टन आणि बटनच्या दोन्ही मॅक्लारेन मागे टाकल्या, मग रेड बुलच्या वेबरलाही गाठून दुसरा आला. व्हेटेलच्या आणि त्याच्या मध्ये दुसरी रेड बुल होती, ती त्याने काढली. तक्त्यावर नोंद झाली 25 आणि 18, आणि त्या दिवशी व्हेटेलची आघाडी 13 गुणांची झाली. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांत शोधून शोधून हाती लागलं ते एवढंच, व्हेटेल जिंकला. पाचव्यावरून दुसरा येणं ही बातमी आहे असं कुणाला वाटलं नाही. आपल्या देशात शर्यत होती, हजारो लोक तिथे बसून ते बघत होते, आणि छापून आला तो फक्त निकाल. असंच वाचत मोठे झालेले लोक आज मला तक्ता दाखवतात.

माझ्या यादीत त्या वर्षी पहिला अलोन्सो, दुसरा व्हेटेल. पण या दोघांच्या भांडणात तिसऱ्या जागेचं बोलणं राहूनच जातं, आणि तो अन्याय मला पहिल्या जागेच्या वादापेक्षा मोठा वाटतो. तक्त्यात तिसरा रायकोनेन आहे, 207 गुण. दोन वर्षं बाहेर राहून परतलेला, वीसच्या वीस शर्यती पूर्ण केलेला. त्याच्याबद्दल आदरच आहे. हॅमिल्टन चौथा, 190. आता हॅमिल्टनचं वर्ष बघा: सात पोल, चार विजय. बार्सिलोनाची पोल संघाने इंधन कमी भरल्यामुळे काढून घेतली, म्हणून सात, नाहीतर आठ. सिंगापूरला आघाडीवर असताना गिअरबॉक्स गेला. अबू धाबीला आघाडीवर असताना गाडी बंद पडली. इंटरलागोसला आघाडीवर असताना हुल्केनबर्ग येऊन आदळला. जर-तर नको असं मीच वर म्हटलं आहे, म्हणून त्याला यातला एकही गुण मी परत देत नाही. पण तो त्या शर्यतींत आघाडीवर होता हे जर-तर नाही, ते घडलेलं आहे. मी त्याला तिसरा ठेवतो, आणि ज्यांना रायकोनेन हवा आहे त्यांनी तक्ता घरी ठेवून यावं.